थंड घेणार की गरम?

एक साधा प्रश्न विचारते. 'पेप्सी' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं? निळी बाटली येत असेल तर तुम्ही एक तर नव्वदनंतर जन्मलेले, नाहीतर मोठ्या शहरातले. माझ्या डोळ्यांसमोर येते ती प्लॅस्टिकची लांबट नळी. आत रंगीत गोड बर्फ. एक टोक दाताने फाडायचं आणि चोखत चोखत घर गाठायचं. शाळेबाहेरच्या गाडीवर चार आण्याला मिळायची. ती गावातच कुणीतरी बनवायचं आणि अमेरिकेतल्या त्या कंपनीशी तिचा नावापलीकडे काडीचाही संबंध नव्हता. खरी पेप्सी आमच्या गावात पोचायच्या कितीतरी आधी नाव येऊन बसलं होतं. तोंडं निळी-केशरी झालेली सगळी पोरं 'पेप्सी' खात होती. (हो, खात. पीत नव्हे.)

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे घरात झालेला वाद. भाचा आठवीत आहे. त्याला रोज वीस रुपयांची एक एनर्जी ड्रिंकची बाटली लागते. मेहुण्यांचं म्हणणं, "हे सगळं जाहिरातींनी केलंय. मोबाइल उघडला की तेच." मला ते निम्मंच पटतं. जाहिरात काही करत नाही असं कोण म्हणेल? पण जाहिरातीला आपण जरा जास्तच श्रेय देतो, असं मला गेली बरीच वर्षं वाटत आलं आहे. आणि ते तपासून बघायला भारतातल्या कोलाच्या गोष्टीइतकी चांगली गोष्ट दुसरी नाही. कारण ती आपल्या डोळ्यांदेखत घडली आहे. तर मंडळी, लेख लांबणार आहे. थंड किंवा गरम, काय हवं ते घेऊन बसा.

सुरुवात १९७७ पासून करू. आणीबाणी उठली, जनता पक्षाचं सरकार आलं आणि उद्योग खातं गेलं जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे. मुंबईतल्या कामगारांचे पुढारी, १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडणारे, मराठीत फर्डं भाषण ठोकणारे जॉर्ज. 'फेरा' कायदा खरं तर १९७३चा, इंदिरा गांधींच्या काळातला. परदेशी कंपन्यांनी इथल्या व्यवसायातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा, असं त्याचं सांगणं. कोका-कोलाची खरी अडचण झाली ती पाककृतीची. भारतीय भागीदार घ्यायचा तर गुपितही त्याच्या हाती द्यावं लागणार. कंपनीने गुपित राखलं आणि गाशा गुंडाळला.

मग मोकळ्या मैदानात तिघे उतरले. त्यातला एक चक्क सरकारी होता! म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कोलाची पाककृती तयार केली, ब्रेड बनवणाऱ्या 'मॉडर्न' या सरकारी कंपनीने ती बाटलीत भरली आणि नाव ठेवलं 'डबल सेव्हन'. का, तर सत्तांतराचं साल सत्त्याहत्तर. मला हा प्रकार फार गमतीचा वाटतो. शास्त्रज्ञ होते, कारखाने होते, पाठीशी मंत्रिमहाशय होते. पण निवडणुकीच्या निकालाचं नाव दिलेलं पेय कॉलेजातल्या मुलाने मैत्रिणीसमोर कोणत्या तोंडाने मागवायचं? जनता सरकार गेलं आणि डबल सेव्हनही हळूहळू विरून गेलं. दुसरा कॅम्पा कोला. हे दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्सचं. त्यांनी आधी कोका-कोलाच्याच बाटल्या भरल्या होत्या. आणि तिसरा पार्ल्याच्या चौहानांचा थम्स अप. तिखट, जरा औषधी वाटावी अशी चव. या तिसऱ्याला लक्षात ठेवा, तो पुढे फार महत्त्वाचा आहे.

आता त्या काळात ही पेयं कोण विकत घेत होतं? तरुण मुलं नव्हेत. निदान आमच्याकडे तरी नव्हेत. कोल्ड्रिंक ही पाहुण्याला द्यायची वस्तू होती. घरी कुणी आलं की वडील विचारायचे, "थंड घेणार की गरम?" गरम म्हणजे चहा. थंड म्हटलं तर एक पोरगं कोपऱ्यावरच्या दुकानात पळायचं. पाहुण्यासाठी एक गोल्ड स्पॉट, रिकामी बाटली संध्याकाळी परत, नाहीतर दुकानदार अनामत कापून घेणार. घरच्यांसाठी लिंबाचं सरबत, वाळ्याचं सरबत, रत्नागिरीहून कुणी आणलंच तर कोकम, चैत्रात पन्हं. मुंबईकरांकडे ड्यूक्सचं मँगोला असायचं, पुण्यात पारशांचे सोडे. पण आम्हा पोरांचा त्या बाटलीशी संबंध तळाशी उरलेल्या दोन घोटांपुरता.

दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ला. पण तेव्हा गावात टीव्ही किती? खरा फरक पडला १९८२ नंतर. एशियाड, रंगीत टीव्ही आणि पाठोपाठ गावोगावी उभे राहिलेले प्रक्षेपणाचे मनोरे. जाहिरात थेट मुलांशी बोलायला लागली ती तेव्हा. आणि इथे एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. रसनाची ती गोड मुलीची जाहिरात आठवते ना? मुलगी मुलांशी बोलत होती, पण पाच रुपयांच्या पाकिटात बत्तीस ग्लास होतात हा हिशेब कुणाला सांगितला जात होता? आईला. जाहिरातीला दोन तोंडं होती. एक पोराला हट्ट शिकवायला आणि दुसरं आईचं मन वळवायला. कारण पैसे आईच्या पर्समध्ये होते. अहमदाबादच्या खंबाटांनी हे बरोबर ओळखलं होतं. आमच्या घरी चैत्रातल्या हळदीकुंकवाला एका वर्षी पन्ह्याऐवजी रसना आलं. आजी काही बोलली नाही, पण तिने ग्लासला हात लावला नाही, एवढं मला आठवतं.

त्याच दशकात गोल्ड स्पॉटच्या बुचांच्या आत 'जंगल बुक'मधल्या प्राण्यांची चित्रं यायला लागली. मोगली, बल्लू, बघिरा. चित्रं जमवा आणि बक्षीस मिळवा. लग्नात आम्ही पंगतीपेक्षा बाटल्यांच्या क्रेटपाशी जास्त असायचो. वऱ्हाडी बाटली फोडायचे आणि आम्ही मातीतून बुचं वेचायचो. पुढे बबलगमच्या वेष्टनातल्या क्रिकेटच्या धावा जमवायच्या आल्या. चव कशी होती हे कुणालाच सांगता आलं नसतं. वस्तूपेक्षा तिच्यासोबतचं काहीतरी हवंसं वाटणं, हा धडा आमच्या पिढीला पहिल्यांदा त्या बुचांनी दिला. पण ध्यानात घ्या, तेव्हाही बाटली विकत घेत होता तो नवरीचा बाप. पोरं फक्त बुचं वेचत होती.

मग पेप्सी आली. १९८८ साली राजीव गांधींच्या सरकारने परवानगी दिली ती पंजाब ॲग्रो आणि टाटांची व्होल्टास यांच्याबरोबरच्या भागीदारीला. कागदावर ती जवळजवळ शेतीसुधारणेची योजना वाटावी अशी. पंजाबात फळं-भाज्यांवर प्रक्रिया होईल, निर्यात वाढेल, तरुणांना रोजगार मिळेल. परदेशी नाव एकटं वापरायला बंदी, म्हणून बाटलीवर 'लेहर पेप्सी'. १९९० साली ती बाजारात आली आणि पहिल्या जाहिरातीत होते जुही चावला आणि गोव्याचे रेमो फर्नांडिस.

रेमोची निवड मला फार हुशारीची वाटते. शिवोलीचा हा माणूस मुंबईत जेजेमध्ये वास्तुशास्त्र शिकला आणि पुढे स्वतःच गाणी लिहून, स्वतःच वाजवून, स्वतःच रेकॉर्ड करून स्कूटरवरून कॅसेटी विकत फिरला. त्याच्या १९८६च्या 'पॅक दॅट स्मॅक' या अल्बममध्ये तरुणांना अंमली पदार्थांपासून दूर राहायला सांगणारं गाणं होतं. म्हणजे कॉलेजातल्या मुलांचा ज्याच्यावर विश्वास होता, जो कुणाचा विकत घेतलेला वाटत नव्हता, नेमका तो! आजच्या भाषेत सांगायचं तर कंपनीने गायक घेतला नाही, त्याची पत घेतली.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत केवढ्या गोष्टी एकदम बदलल्या! १९९१ साली उपग्रह वाहिन्या आल्या, एमटीव्ही आला, गच्चीगच्चीवर केबलवाल्यांच्या तारा लोंबायला लागल्या. १९९२ला झी सुरू झालं. १९९३ साली आमीर खानची ती पेप्सीची जाहिरात लागली. शेजारची मुलगी पेप्सी मागते, घरात नसते, म्हणून पठ्ठ्या पावसात खिडकीतून उडी मारून आणायला जातो. परत येतो तर दारात आणखी एक, संजना! महिमा चौधरी आणि ऐश्वर्या राय, दोघीही तेव्हा कुणाला माहीत नव्हत्या. प्रल्हाद कक्करांनी केलेल्या त्या एका मिनिटात पेयाच्या चवीबद्दल किंवा भावाबद्दल अवाक्षर नाही. आई-बाप तर चित्रातच नाहीत. हा मुलगा एकटा राहतो, फ्रीज त्याचा, पैसे त्याचे. सांगली-मिरजेकडच्या ज्या मुलांनी ती जाहिरात पाहिली त्यांच्यापैकी किती जणांकडे स्वतःची खोली होती हो? आमच्या वर्गातल्या एकाकडेही नव्हती. पण त्या मुलाच्या जागी प्रत्येकाने स्वतःला बघितलं.

आणखी एक बदल झाला तो भाषेचा. आधीच्या थंड पेयांच्या जाहिराती बऱ्याचशा इंग्रजीत, बांद्र्याच्या पार्टीत शोभतील अशा. पेप्सीने निम्मी हिंदी-निम्मी इंग्रजी आणली. कॅन्टीनमध्ये मुलं बोलतात तीच. आपली भाषा टीव्हीवर ऐकली की बोलणारा आपल्यातला वाटतो. तो आपल्याला काही विकतोय याचा विसर पडतो.

ऑक्टोबर १९९३ मध्ये आग्र्याला कोका-कोला परत अवतरला. आल्या आल्या त्याने काय केलं, तर पार्ल्याच्या चौहानांचे थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा, सिट्रा हे सगळे ब्रँड विकत घेतले. पुढच्याच वर्षी पेप्सीने आपलं मुंबईचं ड्यूक्स घेतलं. १८८९ साली दिनशॉजी पांडोळे नावाच्या क्रिकेटवेड्या पारशाने काढलेली कंपनी. ड्यूक हे नावही क्रिकेटच्या चेंडूवरून घेतलेलं. असो. ती हळहळ इथे नको, विषय भरकटेल.

१९९६चा वर्ल्डकप आमच्या पिढीतल्या कुणाला विसरता येणार नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. स्पर्धेचं अधिकृत पेय होण्याचा मान कोका-कोलाने पैसे मोजून मिळवला. मैदानावर, पाट्यांवर, पाण्याच्या सुट्टीतल्या गाडीवर सगळीकडे तेच. पेप्सीकडे काय होतं? सचिन होता, अझर होता. आणि तिने एक वाक्य काढलं: 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट'. आमच्यात अधिकृत काहीही नाही! हरलेल्या बाजूने हार हाच दागिना म्हणून मिरवला. आणि विशीच्या आतल्या मुलांना यापेक्षा दुसरं काय ऐकायचं असतं? घरी अधिकृत, कॉलेजात अधिकृत, प्राचार्यांची सही अधिकृत. कॅन्टीनमध्ये आमचे सरळ दोन तट पडले. कोकवाले आणि पेप्सीवाले. डोळे बांधून चव ओळखायच्या पैजा लागल्या आणि दोन्ही तटांतली मुलं सपशेल तोंडावर पडली. तरी कुणी तट बदलला नाही! मला वाटतं त्या मुलांनी पैसे मोजले होते ते तटात असण्याचे.

१९९८ साली पेप्सीची 'ये दिल मांगे मोअर' ही ओळ आली. परदेशातल्या मोहिमेचा धागा होता, त्याला अनुजा चौहान यांनी हा देशी साज चढवला. ओळ इतकी पसरली की लग्नात, निवडणुकीत, परीक्षेत, कुठेही ऐकू यायची. आणि मग जून १९९९ मध्ये कारगिलमध्ये कॅप्टन विक्रम बत्रा यांनी ५१४० क्रमांकाचं शिखर जिंकलं, तेव्हा विजयाची खूण म्हणून वायरलेसवर हेच शब्द पाठवले. टीव्हीवरच्या मुलाखतीतही ते हेच बोलले. वय २४. ७ जुलैला पुढच्या लढाईत ते गेले.

या प्रसंगाबद्दल काय वाटून घ्यावं हे मला आजही नीट कळत नाही. काही जण म्हणतात, बघा, जाहिरातीने कुठवर मजल मारली. मला ते जरा उथळ वाटतं. त्या मुलाने थंड पेयाची जाहिरात केली नाही. त्याच्या पिढीच्या ओठांवर जे शब्द होते त्यांतले सगळ्यात उमेदीचे त्याने उचलले आणि त्यांना असा अर्थ दिला की पुढे कुठल्याही जाहिरात एजन्सीला तो परत घेता आला नाही. पण हेही खरंच, की आजोबांच्या पिढीकडे अशा वेळी घोषणा असायच्या, आणि या पिढीकडे जाहिरातीची ओळ होती. ती ओठांवर कुणी ठेवली, तर टीव्हीने ठेवली.

इथवर वाचून कुणी म्हणेल, अहो मग मेहुण्यांचंच खरं की! थांबा. आता पाच रुपयांवर येते.

दशकभर एवढे तारे-तारका आणि खेळाडू नाचवूनसुद्धा कोला ही शहरी आणि प्रसंगाची गोष्ट राहिली होती. खेड्यापाड्यात तर फारच क्वचित. २००२-०३ मध्ये कोका-कोलाने दोन गोष्टी एकदम केल्या. एक तुम्हाला नक्की आठवते: 'थंडा मतलब कोका-कोला', प्रसून जोशींच्या लेखणीतून आलेली, आमीर खान कधी मुंबईचा टपोरी तर कधी आणखी कुणी. "थंड घेणार की गरम?" मधला 'थंड' हा आपला सगळ्यांचा सामाईक शब्द. लिंबू सरबतही थंड, ताकही थंड. तो शब्दच बाटलीत भरून टाकला. जाहिरात म्हणून अफाट, यात वाद नाही. पण दुसरी गोष्ट होती २०० मिलिलीटरची छोटी बाटली आणि तिची किंमत, पाच रुपये.

पाच रुपये म्हणजे काय? वडापाव आणि बसभाडं यांच्यामधून वाचलेलं नाणं. ते शाळकरी मुलाच्या खिशात असतं आणि त्याचा हिशेब आई मागत नाही. रसनाच्या वेळी जाहिरातीला आईशी बोलावं लागत होतं. आता आईची गरजच उरली नाही. मुलाला हवंसं वाटणं आणि मुलाने विकत घेणं यांच्यामध्ये १९८३ साली एक मोठं माणूस उभं होतं. २००३ साली ते बाजूला झालं. आमीरने केलं म्हणता? मी म्हणते, नाण्याने केलं.

आणि फ्रीजने. दुकानातले ते काचेचे, आत दिवा असलेले, कंपनीच्या रंगातले फ्रीज आठवा. त्याआधी आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार बाटल्या बर्फाच्या पेटीत, लाकडाच्या भुशात ठेवायचा. मागितल्याशिवाय दिसायच्याही नाहीत. हे नवे फ्रीज कंपन्यांनीच दुकानदारांना दिले, अट एवढीच की त्यात दुसऱ्याचा माल ठेवायचा नाही. आमच्याकडच्या एका किराणावाल्याने मला हसत हसत सांगितलं होतं की कुठली बाटली कुठल्या कप्प्यात मांडायची हेसुद्धा कंपनीचा माणूस येऊन दाखवून जातो. लहान बाटल्या खालच्या कप्प्यात. का, ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

जाहिरात एकटी काय करू शकत नाही याचा पुरावा हवा असेल तर तो थम्स अप. सुरुवातीला सांगितलं होतं लक्षात ठेवा म्हणून. कोका-कोलाने तो विकत घेतला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता गळा दाबणार. गोल्ड स्पॉटचा दाबलाच, फँटासाठी जागा करायला. थम्स अपकडेही काही वर्षं सावत्र लेकरासारखं बघितलं गेलं, सगळं बळ लाल बाटलीमागे. तरी माणसं दुकानात जाऊन थम्स अपच मागायची. पेप्सी आली तेव्हा थम्स अपने बाटली अडीचशेवरून तीनशे मिलिलीटरची केली होती आणि तिला 'महाकोला' नाव मिळालं होतं. लहान गावांत लोक त्याच नावाने मागायचे. ज्यांच्या जिभेला सोळाव्या वर्षी ती तिखट चव लागली होती त्यांना नवीन कोला पाणचट वाटत होता. शेवटी जगातल्या सगळ्यात मोठ्या जाहिरातदारांपैकी एकाला आपला हट्ट सोडावा लागला. २०२१ साली थम्स अपची वर्षाची विक्री एक अब्ज डॉलरवर गेली, असं कोका-कोलानेच जाहीर केलं. सवय एकदा लागली की जाहिरात बंद करूनही सुटत नाही. हे थम्स अपच्या बाबतीत गोड वाटतं. भाच्याच्या बाबतीत तेवढं वाटत नाही.

५ ऑगस्ट २००३. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने, म्हणजे सुनीता नारायण यांच्या संस्थेने, बारा थंड पेयांमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. एरवी एकमेकांची टिंगल केल्याशिवाय दिवस न जाणाऱ्या दोन्ही कंपन्या शेजारी शेजारी बसून पत्रकार परिषद घेताना दिसल्या. माझ्या लेखी ती त्या सगळ्या युद्धातली सर्वांत खरी जाहिरात. :-) चौकशीसाठी संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, अध्यक्ष शरद पवार. फेब्रुवारी २००४ मध्ये समितीने अहवाल दिला आणि संस्थेचे निष्कर्ष योग्य ठरवले. संसदेच्या उपाहारगृहातून बाटल्या आधीच गेल्या होत्या. आमच्या धाकट्या मामाने त्या वर्षी घरात फर्मान काढलं, "विष आहे ते, आणायचं नाही." दोन उन्हाळे ते पाळलं गेलं. तिसऱ्या उन्हाळ्यात मामेभावाच्या मुंजीत क्रेट आले. मामानेच मागवले होते. (मामा, वाचत असशील तर रागावू नकोस.)

काही माणसांनी मात्र आपल्यापुरती रेघ ओढली. पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ साली ऑल इंग्लंड जिंकलं. देशात त्यांच्याइतका गाजलेला बॅडमिंटनपटू तेव्हा दुसरा नव्हता आणि पैशांची त्यांना गरज नव्हती असंही नाही. तरी, जे मी पीत नाही ते मुलांना पी म्हणून सांगणार नाही, या भूमिकेतून त्यांनी कोलाची जाहिरात नाकारली. २०१७ साली विराट कोहलीनेही अशाच कारणाने पेप्सीबरोबरचा करार पुढे चालवला नाही. या दोघांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तेव्हा कोलांचे फ्रीज काही रिकामे पडले नाहीत. जागेवर दुसरा चेहरा आला.

आपले कायदेही बराच काळ चेहऱ्यांकडे आणि पडद्याकडेच बघत राहिले. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम केले: मुलांच्या कार्यक्रमांत, मुलांच्या वाहिन्यांवर वेफर्स, थंड पेयं वगैरेंच्या जाहिराती नकोत. चांगलंच आहे. पण भाचा मुलांच्या वाहिन्या बघतो कुठे? तो बघतो मोबाइलवर कुणा दुसऱ्या मुलाला गेम खेळताना आणि खेळता खेळता कॅन उघडताना. त्या मानाने अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२०चा नियम मला जास्त शहाणपणाचा वाटतो. तो फक्त जाहिरातीबद्दल बोलत नाही. तो अंतराबद्दलही बोलतो. साखर, मीठ, तेल जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. कुणीतरी नाणं आणि फ्रीज यांच्यामध्ये थोडी वाट तरी ठेवायचा विचार केला म्हणायचा.

बाजार तर हे सगळं केव्हाच ओळखून आहे. कॅम्पा कोला आठवतो ना, १९७७च्या तिघांतला? तो मधल्या काळात जवळपास नाहीसा झाला होता. रिलायन्सने २०२२ साली नाव विकत घेतलं आणि २०२३च्या मार्चमध्ये पुन्हा बाजारात आणलं. आजच्या पोरांना कॅम्पा ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तरी चाललं. २०० मिलिलीटरची बाटली, दहा रुपये. वीस वर्षांपूर्वीचं पाचाचं नाणं आता दहाचं झालंय, एवढाच फरक.

मेहुण्यांना मी म्हटलं, मोबाइल काढून घेताय तर घ्या, पण आधी जरा तो रोजचा वीस रुपयांचा रस्ता चालून बघा. ते काही गेले नाहीत. मग मीच गेले. भाच्याच्या शाळेच्या फाटकापासून पहिल्या दिवा लागलेल्या फ्रीजपर्यंत माझी बेचाळीस पावलं भरली. वाटेत रस्ता ओलांडावा लागतो, म्हणून थोडी जास्त. तुमच्या इथल्या शाळेपासून किती भरतात, ते मोजून कळवा.